हिरव्यातलं लेकरू

"बाई, हा ठिपका कुणाच्या लेकराचा हाय?"

सागरबाई अंगणवाडीच्या दारात उभी होती. दुपारचे बारा वाजत आलेले, मार्चचं ऊन, आत पोरं खिचडी खात बसलेली. तिच्या कडेवर पायल होती, चौदा महिन्यांची. मान आईच्या खांद्यावर टाकलेली, डोळे अर्धेच उघडे. सागरबाईच्या हातात पायलचं वजनाचं कार्ड होतं आणि त्यावरच्या एका ठिपक्यावर तिनं बोट टेकवलं होतं. हळद मोडून मोडून ते बोट पिवळंजर्द झालं होतं.

"पायलचाच की," मी म्हटलं.

"पायल हिरव्यात हाय व्हय?"

मी कार्ड घ्यायला हात पुढं केला, तिनं दिलं नाही.

"मागल्या महिन्यात काट्याला टांगली तवा म्या सवता बगितलं. सहा आन वर चार बारीक रेघा. रेघा मोजायला तुमीच शिकवल्या. सहा किलो चारशे कुटं बसतंय? ह्या खालच्या नारिंगी पट्ट्यात. मग ठिपका वर कसा चढला?"

मदतनीस चतुराबाई पोरांना वाढत होती, ती डाव हातात धरून तशीच उभी राहिली.

"आधी आत ये. पाणी पी," मी म्हटलं.

"पानी नगं. दवाखान्यातून आले म्या." सागरबाईचा आवाज चढला नव्हता, पण एकेक शब्द दगडासारखा पडत होता. "तीन दिसांपासून जुलाब हायेत हिला. सकाळच्या गाडीनं तालुक्याला नेली. बारीक लेकरांचा वार्ड हाय तितं, तुमीच सांगितलं व्हतं. सिस्टरनं कार्ड बगितलं आन म्हनली, हे तर हिरव्यातलं लेकरू हाय, हा वार्ड नारिंगीतल्या लेकरांसाठी हाय, तुमच्या अंगणवाडीच्या यादीत हिचं नावच न्हाई. दोन पुड्या हातावर ठिवल्या आन परत धाडलं."

या गोष्टीला आता सतरा वर्षं होतील. मी मथुरा. धामणवाडीची अंगणवाडी सेविका म्हणून तेव्हा मला चार वर्षं झाली होती. आमच्याकडं सगळा हळदीचा भाग. माघ-फाल्गुनात हळद निघते, तेव्हा बाया पहाटे वावरात जातात आणि दिवस बुडाल्यावर घरी येतात. लेकरं म्हाताऱ्या सासूजवळ नाहीतर सात-आठ वर्षांच्या बहिणीजवळ.

नोकरीला लागले तेव्हा वरून आम्हाला चित्रांचे तक्ते आले होते. बाळाला काय भरवावं याचे. त्यावर सफरचंद, द्राक्षं, दुधाचा भरलेला ग्लास. पहिल्याच बैठकीत मी तक्ता भिंतीला लावला तर ही सागरबाई फिसकन हसली होती. नवीन लग्न होऊन आलेली, अंगठेबहाद्दर, पण जिभेला धार. म्हणाली, "बाई, सफरचंद आमच्या गावात मानूस दवाखान्यात निजल्याबिगर येत न्हाई."

सगळ्या बाया हसल्या. मलाही हसू आलं. तक्ता गुंडाळून ठेवला आणि दुसऱ्या बैठकीला घरून एक वाटी आणि चमचा घेऊन गेले. आमच्या बाया लेकराला डाळीचं वरचं पाणी पाजतात. पचायला हलकं म्हणून. मी चमच्यात ते पाणी घेतलं आणि चमचा तिरका केला. सगळं सांडलं. मग खालची घट्ट डाळ घेतली, त्यात भाकरी चुरली, शेवग्याचा पाला, शेंगदाण्याचा कूट, वर चमचाभर तेल. चमचा तिरका केला तरी घास हलला नाही. "वाहून गेलं ते पाणी, चमच्यावर बसलं ते जेवण," मी म्हटलं. ते बायांना पटलं. अंडं, मूग, केळं, जे घरात असेल ते. दिवसातून पाच वेळा, थोडं थोडं.

नंतर वजनाचं कार्ड वाचायला शिकवलं. अक्षर येत नसलं तरी रंग येतात. वर हिरवा पट्टा, मध्ये पिवळा, खाली नारिंगी. ठिपका वर चढत गेला की लेकरू वाढतंय, आडवा गेला की सावध, खाली आला की धावत माझ्याकडं यायचं. सागरबाई सगळ्यांत आधी शिकली. काट्यावरच्या रेघासुद्धा ती माझ्याआधी मोजायची.

आणि आता तीच माझ्यापुढं उभी होती.

"ठिपका मी चढवला," मी म्हटलं.



फेब्रुवारीच्या शेवटी आमच्या सुपरवायझर कनकदंडे मॅडम अंगणवाडीत आल्या होत्या. वजनाचं रजिस्टर उघडून त्यांनी नारिंगीतली नावं मोजली. पायल, झाल्टेंची जुळी दोन पोरं, रेणुका आणि करण. पाच.

"मथुरा, मार्चअखेर आपला तालुक्याचा प्रकल्प कुपोषणमुक्त जाहीर व्हायचाय. तुझ्या गावात पाच?"

"मग पाचांनाही वार्डात भरती करू, मॅडम. मी यादी केलीय."

"भरती केली की आकडा वर जातो. आकडा गेला की खुलासा मागतात."

"लेकरं आहेत ती, मॅडम."

"माहितेय मला. आदेश वरून आहे, ती यादी फाडून टाक. पुढच्या महिन्यात वाढेल त्यांचं वजन. तू काय डॉक्टर आहेस?" त्यांनी पर्समधून कोरं खोडरबर काढून माझ्यापुढं ठेवलं. "तुझ्या जागेसाठी माझ्याकडं तीन अर्ज पडून आहेत. नवऱ्यानं टाकलेल्या बाईनं नोकरी जपावी."

मी यादी फाडली आणि खोडलं. रजिस्टरातले पाच ठिपके, आणि तपासणीसाठी गोळा केलेल्या कार्डांवरचे पाच ठिपके. सहा किलो चारशेचे सात किलो आठशे केले. हात कापला वगैरे काही नाही. सुबक गोल ठिपके काढले मी.

हे सगळं सागरबाईला सांगून झालं तेव्हा पोरांची खिचडी संपली होती. ती ओरडेल, मारेल असं मला वाटलं. ती खाली बसली. पायलला मांडीवर घेतलं.

"बाई, म्या हिला रोज भाकर चुरून चारली," ती म्हणाली. "त्येल घालून. घट्ट. तुमी सांगितलं तसं. वावराच्या मालकानं शिव्या घातल्या, तरी दोन येळा पळत घरी येऊन चारून गेले. अर्धी हजेरी कापली त्यानं. तरीबी वजन वाढंना, म्हून मला वाटायलं माजंच काय तरी चुकायलंय. रातच्याला मनाला खायचं ते. आन तुमी? तुमी हितं सावलीत बसून एका ठिपक्यात वाढवलं व्हय माजं लेकरू?"

चतुराबाईनं डोळ्याला पदर लावला. मला तेवढाही हक्क नव्हता.

आम्ही मीठ-साखरेचं पाणी केलं आणि पायलला चमच्या-चमच्यानं पाजायला लागलो. ती गिळत होती, एवढाच आधार. तिला सोडून गाडी पुढं निघून गेली होती, तालुक्याची पुढची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी. गावात तेव्हा एक ट्रॅक्टर होता, तो हळद घेऊन बाजारला गेलेला. आणि नेमका त्याच दिवशी दोन वाजता आमच्या गावात कार्यक्रम होता. जिल्ह्याचे साहेब येणार होते. शाळेच्या पटांगणात मांडव पडला होता आणि अंगणवाडीच्या भिंतीला टेकवून एक फळा ठेवला होता, हिरव्या रंगात, पांढऱ्या अक्षरांचा: कुपोषणमुक्त गाव.

"काय लिवलंय त्याच्यावर?" सागरबाईनं विचारलं.

मी वाचून दाखवलं.

तिनं पायलला उचलून कडेवर घेतलं. मग म्हणाली, "साहेब गाडीनं येनार ना?"

"हो."

"मग काटा काढा, बाई."

चतुराबाई रेणुकाच्या आणि जुळ्यांच्या घरी गेली. करणच्या घराला कुलूप होतं. त्याची आई कमल आणि बाप दोन आठवड्यांपूर्वी त्याला घेऊन वीटभट्टीवर कामाला गेले होते.

साहेब अडीच वाजता आले. हार झाले, नारळ झाला. कनकदंडे मॅडमनी भाषण केलं. आमच्या भागातल्या माता आता कशा जागरूक झाल्यात, शास्त्रशुद्ध आहार कसा देतात, वगैरे. त्यांचं भाषण चालू असतानाच मी मांडवाच्या पुढच्या वाशाला दोरी टाकली आणि काटा टांगला. लोकांना वाटलं कार्यक्रमातलंच काहीतरी आहे. साहेबही कौतुकानं बघत होते.

सागरबाई पुढं आली. पायलला झोळीत बसवलं. काटा हलला आणि थांबला.

"सहा किलो दोनशे," ती मोठ्यानं म्हणाली. "कार्डावर सात आठशे लिवलंय. सायेब, हिकडं या आन मोजा."

मॅडमचं भाषण तुटलं. "अगं बाई, नंतर, नंतर. कार्यक्रम होऊ दे."

"माजं लेकरू तंवर ऱ्हाईल का, ते सांगा."

साहेब खुर्चीतून उठले, काट्याजवळ आले, चष्मा सारखा केला. झोळीतल्या पायलकडं त्यांनी बघितलंच नाही, काट्याकडं बघितलं.

"काटा बिघडलेला दिसतोय," ते म्हणाले.

मॅडमनी लगेच री ओढली. "हो साहेब, जुना काटा आहे. बदलायला टाकलाय."

चतुराबाई म्हणजे चारचौघांत तोंड न उघडणारी बाई. ती मांडवाच्या मागं गेली, तिथल्या किराणा दुकानातून पाच किलोचं लोखंडी माप उचलून घेऊन आली. धापा टाकत. सागरबाईनं पायलला काढून घेतलं, चतुराबाईनं माप झोळीत ठेवलं. काटा पाचावर गेला आणि तिथंच उभा राहिला. एक रेघ इकडं नाही की तिकडं नाही.

मग झाल्टेंच्या सुनेनं आपलं एक पोरगं झोळीत बसवलं. मग दुसरं. मग रेणुका. प्रत्येक वेळी बाया मिळून रेघा मोजत होत्या, पाढे म्हणावेत तशा.

साहेबांचा चेहरा लाल झाला होता. "कुणाची अंगणवाडी आहे ही?"

"माझी," मी म्हटलं.

"या नोंदी कुणी केल्या?"

"मी केल्या."

"बघा साहेब," मॅडम पुढं आल्या. "ही बाई पहिल्यापासून कामचुकार आहे. मी हिला नोटीस काढणारच होते."

"नोंदी माझ्या आहेत, साहेब," मी म्हटलं. "खोडरबर मॅडमचं आहे. पाच लेकरांची भरतीची यादी मी करून दिली होती. ती फाडून टाकायला लावली. आदेश वरून आहे म्हणाल्या. वर म्हणजे कुठं, ते तुम्हाला माहीत असेल."

"इथं हा वाद नको," साहेब म्हणाले. त्यांनी घड्याळाकडं बघितलं. "काय असेल ते लेखी द्या. चला मॅडम, पुढच्या गावाला उशीर होतोय."

उशीर! चार लेकरं समोर टांगून दाखवली, त्यातलं एक मान टाकून पडलेलं, आणि या माणसाला पुढच्या गावाला उशीर होत होता. तिथंही असाच एक हिरवा फळा भिंतीला टेकवून ठेवलेला असणार. आजही ते घड्याळ आठवलं की माझ्या कानशिलाच्या शिरा तटतटतात.

ते गाडीजवळ पोहोचले तेव्हा मागचं दार उघडं होतं आणि सागरबाई पायलला घेऊन आत बसलेली होती. तिच्या शेजारी रेणुकाची आई. झाल्टेंची सून एक पोर आत देऊन दुसऱ्याला घेऊन चढत होती.

"ओ बाई, उतरा खाली," ड्रायव्हर ओरडला.

"उतरवून दावा," सागरबाई म्हणाली. "वार्डापातूर न्या. तितं सायबानं सवता सांगायचं, ही नारिंगीतली लेकरं हायेत म्हून. मग तुमी कुटंबी जा."

गाडीच्या पुढं पंधरा-वीस बाया येऊन उभ्या राहिल्या. घोषणा नाहीत, काही नाही. नुसत्या उभ्या. साहेब दोन मिनिटं तसेच थांबले, मग पुढच्या सीटवर बसले. कनकदंडे मॅडमना जागा उरली नाही, त्या मांडवातच राहिल्या. हार घेऊन.

चौघंही वार्डात भरती झाली. पायल एकवीस दिवस तिथं होती, सात किलोंची होऊन घरी आली. हल्ली ती नर्सिंगला आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मला कामावरून कमी केलं, खोट्या नोंदी केल्या म्हणून. त्या आरोपात खोटं काहीच नव्हतं. मे महिन्यात आमचा प्रकल्प कुपोषणमुक्त जाहीर झाला आणि कनकदंडे मॅडमचा सत्कार झाला. पेपरात फोटो होता. गावच्या बायांनी तालुक्याला अकरा महिने खेटे घातले, ठिय्या दिला, तेव्हा मला परत घेतलं. मॅडमना कुणी कधी काही विचारलं नाही. त्या बढती घेऊन निवृत्त झाल्या.

लोक ही गोष्ट मला सभांमधून सांगायला लावतात. गाडी अडवली इथपर्यंत मी सांगते, टाळ्या पडतात, मी खाली बसते. पुढचं सांगत नाही.

करण राहिला होता.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या गाडीनं निघाले. नदीकाठानं चार-पाच भट्ट्या होत्या, त्यांतली कुठली हे नक्की माहीत नव्हतं. पहिल्या दोन ठिकाणी नाही म्हणाले. चालत चालत तिसऱ्या भट्टीवर पोहोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. विटांच्या ओळींमध्ये दहा-बारा बाया उकिडव्या बसून साच्यात चिखल थापत होत्या. आजूबाजूला त्यांची लेकरं धुळीत बसलेली. कमलनं मला लांबूनच ओळखलं. हात झटकत उठली.

"अगो बाई! तुमी? हितं?" तिला इतका आनंद झाला की तिनं शेजारणीला हाक मारली. "ह्या आमच्या गावच्या अंगणवाडीच्या बाई. लई जीव लावत्यात लेकरांना."

"करण कुठंय, कमल?" मी विचारलं.

तिचा चेहरा आहे तसाच राहिला, फक्त त्यातला जीव गेला.

"त्यो गेला की, बाई. आज सहावा दिस. जुलाब लागले व्हते. दोन दिसात गेला."

मी खाली बसले, चिखलातच. तीच मला धीर द्यायला लागली. पाणी आणून दिलं. म्हणाली, "तुमचा काय दोस, बाई. तुमी तर म्हनला व्हता हिरव्यात हाय. म्हून म्या घाबरले न्हाई. करणचा बाप म्हनला दवाखान्यात न्यावं का, तर म्या म्हनलं हिरव्यातलं लेकरू हाय, निभावंल."

हेच ते, जे मी सभांत सांगत नाही. मॅडम खोडरबर घेऊन बसल्या होत्या त्याच दिवशी कमल दारात आली होती. भट्टीवर जायचं ठरलं होतं, पण करण वाळत चाललाय असं तिला वाटत होतं. "नेऊ का त्याला, का आईपाशी ठिवू?" असं ती विचारत होती. मॅडम माझ्याकडं बघत होत्या. करणचं कार्ड माझ्यासमोरच होतं, ठिपका नुकताच चढवलेला. मी ते वर करून तिला दाखवलं आणि म्हटलं, "हिरव्यात आहे. जा बिनघोर."

त्याचं खरं वजन सात किलो नऊशे होतं. दोन वर्षांचं पोर.

भट्टीवर बसून मी तिला ते सगळं सांगितलं. एक शब्द मागं ठेवला नाही. शेजारच्या बायांचे हात थांबले. कमल ऐकत होती. सगळं झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "सागरबाईला कसं कळलं?"

"तिला कार्ड वाचता येतं. मी शिकवलं होतं."

"आन मला कामून न्हाई शिकवलं?"

"बैठक दुपारी दोनला असायची. तू यायची नाहीस, कमल."

"दोनला म्या कुटं असते, बाई?" ती म्हणाली. "बारा म्हैने, दोनला म्या कुटं असते?"

दुपारी दोनला ती कुणाच्या ना कुणाच्या वावरात असायची. ते गावातल्या कुत्र्यालाही माहीत होतं. ज्यांची घरं जवळ, ज्यांना घटकाभर उसंत, त्यांना मी शिकवलं, आणि ज्यांच्या लेकरांना सगळ्यांत जास्त गरज त्यांच्या नावापुढं बैठकीच्या वहीत चार वर्षं "गैरहजर" लिहिलं.

कमल उठली. मला वाटलं, आता ही मला हाकलून देईल. मी उठायला लागले.

"बसा," ती म्हणाली. आवाज बदलला होता. पहिल्यांदाच त्यात राग होता, आणि तो बघून मला बरं वाटलं. ती खोपीत गेली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं करणचं कार्ड घेऊन आली आणि माझ्यापुढं आपटलं. "आता शिकवा."

"आता?"

"आता. त्यो कुटं व्हता ते मला बगायचंय." मग तिनं मान वळवली आणि विटांच्या ओळींकडं बघून हाक मारली, "या गं समद्या. लेकरं घिऊन या. हितं कोन येत न्हाई आपल्याला सांगाया."

बाया साचे टाकून उठल्या. एकेक करून येऊन बसल्या, चिखलाच्या हातांनी, मांडीवर पोरं घेऊन. अकरा लेकरं होती. मी नुसती बघत होते, त्यांच्या दंडांकडं, पोटांकडं. भट्टीच्या पलीकडून मुकादम धावत आला. कामं कुणी सोडायला सांगितली, हजेरी कापीन, ही बाई कोण, असं बरंच काही ओरडत होता.

कमलनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"वरडू द्या त्याला," ती म्हणाली. "तुमी सांगा."